लघवीला कमी वेळा जावं लागतंय म्हणजे शुगर ताब्यात आली? (मधुमेह आणि मूत्राशय)

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. विषय अवघड जागेचा आहे, पण समोरासमोर कोणी बोलत नाही म्हणूनच इथे काढतेय.

माझ्या वडिलांना मधुमेह होऊन वीसेक वर्षं झाली. वय सत्तरीच्या पुढे. गोळ्या चालू आहेत, आता रात्रीचं इन्सुलिनही. पूर्वी दर तासा-दीड तासाला उठायचे. गेल्या वर्षभरात ते हळूहळू कमी होत गेलं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, झोपताना एकदा. बाबा फुशारकी मारायचे, "बघा, शुगर लायनीवर आली!" मधेमधे कपडे ओले व्हायचे, ते मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. स्वतःच धुऊन वाळत घालायचे.

मागच्या आठवड्यात पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, पित्ताशयाची शंका होती. पित्ताशय ठणठणीत निघालं. डॉक्टरांनी प्रोब ओटीपोटावर नेला, थांबले आणि विचारलं, "लघवी करून आलात ना?" बाबा म्हणाले, "आत्ताच तर जाऊन आलो." पडद्यावर बेंबीपर्यंत नुसतं काळं दिसत होतं. रिपोर्टात लिहून आलं, लघवीनंतर शिल्लक ६४० मिली, दोन्ही किडन्यांना थोडी सूज. आणि बाबांना कसलाही त्रास नाही! दुखत नाही, कळ नाही, लागल्यासारखंही वाटत नाही.

आता युरॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे. तोवर डोक्यात नुसता गोंधळ. हे मधुमेहामुळे की प्रोस्टेटमुळे? कॅथेटर कायमचा लागतो का? कुणाच्या घरी असं झालंय का? जाणकारांनी लिहावं.

रानवाटा

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे दोघांनाही शुगर आहे, वाचणार.

स्टेथो

मृण्मयी, मी फिजिशियन म्हणून बरीच वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं चित्र ओळखीचं आहे आणि "त्रास काहीच नाही" हाच त्यातला मुख्य त्रास आहे.

मधुमेह म्हटलं की सारखं लघवीला जावं लागणं एवढंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. तो वाढलेल्या साखरेचा परिणाम. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडन्यांना ती सगळी परत ओढून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणीही सोबत नेते. म्हणून भरपूर लघवी, म्हणून तहान. साखर खाली आली की हे थांबतं.

मूत्राशयाच्या नसा बिघडणं हा निराळा प्रकार. मूत्राशय भरत आल्याची खबर वर नेणाऱ्या आणि स्नायूला "आता आवळ" असा हुकूम देणाऱ्या नसा माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातून ये-जा करतात. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की तळपायाच्या नसांचं जे होतं तेच यांचं होतं. बहुधा आधी खबर मंदावते. निरोगी माणसाला दीड-दोनशे मिलीला पहिली चाहूल लागते, चारशे-पाचशेला उठावंच लागतं. खबरच पोचेनाशी झाली की माणूस सातशे-आठशे मिली घेऊन निवांत फिरतो. रोज असं ताणलं गेलं की स्नायूचं जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखं होतं, आवळायला जातो पण पकड नाही. मग प्रत्येक वेळी थोडी लघवी आत राहते, आणि ती "थोडी" वाढत जाते.

कपडे ओले होत होते ते त्यामुळेच असणार. ती ताबा सुटल्याची गळती नव्हे, टाकी भरून वाहत होती. हा फरक कळला नाही तर औषध नेमकं उलटं दिलं जातं.

डेन्मार्कच्या फ्रिमॉट-मोलर यांनी १९७६ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं आणि 'डायबेटिक सिस्टोपथी' हे नाव रूढ झालं. म्हणजे गोष्ट नवी नाही. तरी मधुमेहाच्या तपासणीत डोळे बघतात, पाय बघतात, किडनी बघतात, आणि "लघवी पूर्ण होते का हो?" हे विचारायचं राहून जातं.

आता प्रोस्टेट. या वयात दोन्ही एकत्र असू शकतं, नव्हे, अनेकदा असतंच. दोन्हीकडे धार बारीक, दोन्हीकडे लघवी शिल्लक. बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी युरोडायनॅमिक, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजणारी तपासणी लागते. युरॉलॉजिस्टकडे जाताना तो विषय काढाच. आणि किडनीला सूज आहे म्हणताय तर नेमलेल्या तारखेची वाट बघत बसू नका. फोन करून सांगा आणि लवकरची वेळ मागा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, आजच करून घ्या.

तिरपागडा

डॉक्टर, पायजम्याचं उदाहरण वाचून हसू आलं, मग स्वतःची शुगर आठवली आणि हसू गेलं.

वसुधा_ताई

आमच्या यजमानांची कथा उलट बाजूने सुरू झाली, म्हणून लिहिते.

त्यांना घाई व्हायची. लागली की लागलीच, दारापर्यंत पोचेपर्यंत दम निघायचा नाही. रात्री झोपेचं खोबरं. एका ठिकाणी दाखवलं तर पाच मिनिटांत 'ओव्हरअ‍ॅक्टिव्ह ब्लॅडर' म्हणून गोळी लिहून दिली. सोलिफेनासिन होती. सोनोग्राफी नाही, काही नाही. मधुमेह आहे हे सांगितलं होतं. पायाच्या आगीसाठी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन घेतात हेही सांगितलं होतं. पहिले काही दिवस एकदम छान, घाई बंद. मग एका रात्री लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट दगडासारखं. इमर्जन्सीत नळी घालून काढली तेव्हा लिटरभर निघाली.

तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "गोळी सुरू करण्याआधी शिल्लक किती होती?" ती मोजलीच नव्हती, तर सांगणार काय.

डॉक्टर, मला एवढंच कळत नाही, घाई होणं आणि तुंबणं एकाच आजारात कसं?

स्टेथो

वसुधाताई, चांगला प्रश्न. सुरुवातीच्या काळात मूत्राशय चिडचिडं होतं. जास्त लघवी ढकलून ढकलून स्नायू जाड झालेला असतो, नसाही अर्ध्यामुर्ध्या बिघडलेल्या असतात. त्यामुळे थोडं भरलं तरी तो अवेळी आवळतो, म्हणून घाई. पुढे वर्षं सरतात तसा तोच स्नायू थकतो आणि पारडं दुसरीकडे झुकतं. काही जणांत दोन्ही एकाच वेळी सापडतं. भरताना विनाकारण आवळणार आणि रिकामं करताना मात्र ताकद नाही. तुमच्या यजमानांचं तसंच असावं.

सोलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन ही औषधं स्नायूचं आवळणं कमी करतात. जो आधीच नीट आवळत नाही त्याला ती दिली तर तुंबणारच. अ‍ॅमिट्रिप्टिलीनचाही तोच गुण. दोन्ही एकत्र म्हणजे बघायलाच नको. मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने काम करतं, तुंबण्याचा धोका कमी, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत असे घटक असतात की ज्याची लघवी काठावर आहे त्याला त्या एका रात्रीत अडकवतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने सर्दीची गोळी घेणाऱ्या मधुमेही मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनही डोळे झाकून नको. मधुमेहात रक्तदाब सांभाळणाऱ्या नसा दुबळ्या झाल्या असतील तर उठून उभं राहताच चक्कर येते आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर माणूस पडतो. गोळी झोपताना घ्यायची, उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं.

नाना_पाटेकरी_नाही

एवढं सगळं कशाला? संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद. लघवीच तयार झाली नाही तर तुंबणार काय!

अबोली२०

नाना, असं नका हो सांगू. आमच्या आत्याने हेच केलं. लघवी घट्ट, जळजळ, मग इन्फेक्शन, मग थंडी वाजून ताप. डॉक्टर तिला ओरडले ते पाणी तोडल्याबद्दल.

स्टेथो

नाना, झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी बेताने घेणं ठीक. दिवसभराचं तोडणं नाही. हृदय किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्याचं माप बांधून दिलं असेल तर ते पाळायचं, बाकीच्यांनी तहान मारायची नाही. रात्री वारंवार उठावं लागण्याची कारणंही निराळी असतात. दिवसभर पायांवर उतरलेली सूज आडवं झाल्यावर रक्तात परत येते आणि तिची लघवी होते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जाते. झोपेत घोरताना श्वास अडकतो. दर वेळी मूत्राशयालाच धोपटण्यात अर्थ नाही.

अबोली२०

डॉक्टर, मग माझंही विचारून घेते. मधुमेह आहे, वय पन्नाशीच्या आत. सारखी उन्हाळी लागते. लघवीची तपासणी केली की "बॅक्टेरिया आहेत" येतं, की अँटिबायोटिक. कोर्स संपला की बरं, महिन्याभरात पुन्हा तेच. मागच्या वेळी तर त्रास काहीच नव्हता, नेहमीच्या तपासणीत जंतू दिसले म्हणून कोर्स दिला. शिवाय साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. मैत्रीण म्हणते त्यानेच होतं, बंद कर.

स्टेथो

मैत्रिणीचं ऐकून बंद करू नका. या गोळ्या साखर मुद्दाम लघवीतून बाहेर काढतात, त्यामुळे लघवीच्या तपासणीत साखर चार प्लस आली तरी घाबरायचं कारण नाही. बाहेरच्या नाजूक जागेला खाज सुटणं, बुरशी येणं हे यांनी नक्की वाढतं. आतल्या इन्फेक्शनमधली वाढ त्या मानाने थोडी. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये आणखी एक सावधगिरीची सूचना दिली, जननेंद्रियाच्या आणि गुदद्वाराच्या मधल्या भागातल्या गंभीर संसर्गाची. फार विरळा प्रकार, पण तिथे सूज, लाली, भयंकर दुखणं आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना. दुसऱ्या बाजूला या गोळ्या हृदय आणि किडनी सांभाळतात. मात्र मूत्राशयात लघवी शिल्लक राहत असेल तर आत कायम साखरेचं पाणी साठून राहणार आणि जंतूंना तेच हवं असतं. म्हणून आधी शिल्लक मोजा आणि आकडा घेऊन तुमच्या डॉक्टरांशी बोला.

त्रास नसताना नुसते जंतू दिसले म्हणून मधुमेहात अँटिबायोटिक द्यायचं नसतं. गर्भार बाई किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणार असलेला पेशंट, हे अपवाद. एरवी जंतू औषधाला सरावतात आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध चालत नाही. जळजळ, ताप, कंबरेच्या बाजूला दुखणं असेल तर कल्चरला नमुना द्या, मग औषध. नसा बधिर असलेल्यांना जळजळ जाणवतही नाही. अशा वेळी कारण नसताना चढलेली शुगर किंवा थंडी वाजून येणारा ताप हीच खूण. वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला तरी लघवी तपासा.

अबोली२०

धन्यवाद डॉक्टर. शिल्लक कधीच मोजलेली नाही. पुढच्या भेटीत मीच मागते.

रेडिओ_मिरची_नाही_लॉजी

मी सोनोग्राफी विभागात तंत्रज्ञ आहे, म्हणून एक गोष्ट. तपासणीआधी आपण पेशंटला पाणी पाजून पाजून फुगवतो. गर्दी असली की माणूस तासभर जीव मुठीत धरून बसतो. इतकं ताणल्यावर धडधाकट मूत्राशयही एका दमात रिकामं होत नाही आणि शिल्लक उगाच जास्त दिसते. अशा वेळी पुन्हा जाऊन या म्हणावं आणि पुन्हा मोजावं. मशीनवर लांबी, रुंदी, उंची घेऊन ०.५२ ने गुणतो, त्यामुळे आकडा अंदाजी असतो. ५० मिलीच्या आत असेल तर चिंता नाही, १०० च्या वर वारंवार येत असेल तर लक्ष घालायचं, २००-३०० म्हणजे गंभीरपणे घ्यायचं. एका रिपोर्टवर कुणी कायमचा शिक्का मारू नये. मृण्मयीताईंच्या बाबतीत मात्र किडनीवर सूज दिसतेय, तिथे आकड्याची चर्चा संपली.

गणपुले_मास्तर

युरोडायनॅमिकचं नाव निघालं म्हणून सांगतो, माझी झाली आहे. लोक फार बाऊ करतात, तसं काही नाही. खुर्चीवजा टेबलावर बसवतात. एक बारीक नळी लघवीच्या वाटेने, दुसरी गुदद्वारात. पोटाचा दाब वेगळा मोजून वजा करतात, म्हणजे उरतो तो मूत्राशयाच्या स्नायूचा. मग सलाईनचं पाणी हळूहळू आत सोडतात आणि विचारत राहतात, "काही जाणवतंय? आता? आता?"

मी आपला छताकडे बघत "नाही" म्हणतोय. पाचशे झालं, नाही. साडेपाचशेला कुठे जरा जड वाटलं, तेही लघवी लागली असं नव्हे, पोट भरल्यासारखं. बाई म्हणाल्या, "आता करून दाखवा." कागदावर रेघ सपाट. मी कुंथत होतो तेव्हा पोटाची रेघ वर जात होती, मूत्राशयाची जागची हलत नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही रेघांवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की आपण लघवी करत नाही, पोटाने ढकलतो आहोत.

ही तपासणी झाली म्हणून माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन टळलं. वाट मोकळीच होती, पंपच बंद होता. ऑपरेशन करून काय उपयोग झाला असता?

रानवाटा

मास्तर, मग उपाय काय झाला तुमचा?

गणपुले_मास्तर

शिल्लक दोनशेच्या आसपास होती म्हणून नळीशिवाय भागलं. लागण्याची वाट बघायची नाही, घड्याळ बघून जायचं, दर तीन तासांनी. आणि एकदा झाली की लगेच उठायचं नाही. दोन-चार मिनिटं थांबायचं, उभं राहून दोन पावलं टाकायची, पुन्हा बसून जरा पुढे वाकायचं आणि परत प्रयत्न. दुसऱ्या खेपेला बऱ्यापैकी निघते. जोर करायचा नाही. पोटावर मुठी दाबून लघवी काढायची युक्ती कुणी शिकवेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. दाबाने लघवी उलटी किडनीकडे चढू शकते असं मला बजावलं होतं.

तीन दिवस वहीत लिहायचं काम दिलं होतं. वेळ आणि मापात किती आली. प्लास्टिकचं मापाचं भांडं बाथरूममध्ये. सकाळची पहिली सातशेच्या वर यायची तेव्हा डॉक्टर भुवई उंचावायचे.

स्टेथो

मास्तरांनी माझं काम केलं. स्नायूला जोर आणणारी म्हणून बेथॅनेकॉल नावाची गोळी आहे, पण तिचा उपयोग बेताचा आणि पोटात कळा, घाम, नाडी मंदावणं असले त्रास. मला तिच्यावर कधी भरवसा वाटला नाही. घड्याळ परवडलं.

नाना_पाटेकरी_नाही

आणि शुगर पूर्ण नॉर्मल केली तर नसा परत येतात ना? आजकाल सगळे 'रिव्हर्स' म्हणतात.

स्टेथो

नाना, शुगर सुधारल्याने जास्तीची लघवी थांबते, इन्फेक्शन कमी होतं, पुढचं नुकसान मंदावतं. गेलेली नस परत येईल असं मी कुणाला सांगणार नाही. डीसीसीटी हा अभ्यास १९८३ ते १९९३ चालला, टाइप वनचे १,४४१ पेशंट होते. साखर काटेकोर ठेवलेल्या गटात नसांचा आजार साठ टक्क्यांनी कमी झाला. पण ते नुकसान टाळणं झालं, भरून काढणं नव्हे. टाइप टूमध्ये तर एवढाही फरक दिसत नाही. म्हणून जे काही करायचं ते नसा शाबूत असताना.

एकांडा_शिलेदार

धागा रोज वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं. मी स्वतः नळी घालून लघवी काढतो. कायमची लावलेली पिशवी नव्हे. वेळ झाली की घालायची, रिकामं करायचं, काढून टाकायची. याला सीआयसी म्हणतात. मृण्मयीताई, तुमच्या बाबांना हेच सांगतील असा माझा कयास आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. पुरुषांसाठी लिहितोय, बायकांचा मार्ग आखूड असतो, त्यांना आरशाच्या मदतीने शिकवतात आणि लवकर जमतं म्हणे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, यापेक्षा मेलेलं बरं. शिकवणारी सिस्टर माझ्या मुलीच्या वयाची. तिने इतक्या सहज दाखवलं की लाजायलाच वेळ मिळाला नाही. साबणाने हात स्वच्छ. पुढची जागा धुऊन पुसायची. नळी बारा किंवा चौदा नंबरची, तिला जेली भरपूर लावायची, कंजूषपणा इथे महागात पडतो. एका हाताने लिंग वर, पोटाच्या दिशेने उचलून धरायचं, म्हणजे आतलं वळण सरळ होतं. मग नळी हळूहळू सरकवायची. एका जागी अडते. तिथे झडपेचा स्नायू असतो. सगळे इथेच घाबरतात आणि ढकलतात. ढकलायचं नाही. थांबायचं, लांब श्वास सोडायचा, जमलं तर लघवी करतोय असा विचार करायचा. तो आपोआप सैल पडतो आणि नळी सटकन पुढे जाते. लघवी यायला लागली की आणखी इंचभर आत. प्रवाह थांबला की काढायला घ्यायची, पण सावकाश. काढताना मधेच पुन्हा धार सुरू होते, तळाशी राहिलेली असते ती. तिथे थांबायचं. ही शेवटची पन्नास मिली काढली नाही तर सगळा खटाटोप अर्धाच.

सुरुवातीला थेंबभर रक्त दिसलं होतं, काही दिवसांत थांबलं. जास्त आलं किंवा नळी जातच नसेल तर जबरदस्ती न करता दवाखान्यात जायचं.

दिवसातून किती वेळा हे मोजून ठरतं. मूत्राशयात एका वेळी चारशे-पाचशेच्या वर जमू द्यायचं नाही, हा हिशेब. स्वतःहून काही लघवी होत असेल तर कमी वेळा पुरते.

माझ्या डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. पूर्वी लोकांना वाटायचं की हे ऑपरेशन थिएटरइतकं निर्जंतुक असल्याशिवाय करताच येणार नाही. अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की नुसती स्वच्छता पुरते. त्यांचं म्हणणं असं की फुगून ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्त नीट मिळत नाही, म्हणून जंतू घुसतात. वेळेवर रिकामं ठेवा, भिंत स्वतःच जंतूंना पुरून उरते. तेव्हापासून घरबसल्या लोक करू लागले. माझी वारंवार येणारी इन्फेक्शनं कमी झाली ती नळी घालायला लागल्यावर, आधी नव्हे!

वसुधा_ताई

शिलेदार, तुम्ही लिहिलंत म्हणून खूप बरं वाटलं. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण "तो मोबाईल इकडे दे" म्हणून पुन्हा स्वतः वाचलं.

तिरपागडा

साष्टांग नमस्कार. वाचनखूण साठवली.

मृण्मयी_क

मंडळी, तुमच्या सांगण्यावरून फोन करून लवकरची वेळ घेतली. क्रिएटिनिन २.१ आलं होतं. लगेच कॅथेटर घालून पिशवी लावली. पहिल्या दिवशी एवढी लघवी झाली की सलाईन लावावं लागलं. तुंबलेलं मोकळं झालं की किडन्या काही काळ अशा वाहतात म्हणाले. दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, सूज उतरली आहे. क्रिएटिनिन १.४. पूर्ण पूर्वीसारखं कदाचित होणार नाही, असं स्पष्ट सांगितलंय.

युरोडायनॅमिकमध्ये मास्तरांसारखीच सपाट रेघ. प्रोस्टेट थोडं मोठं आहे, पण मुख्य दोष स्नायूचा. म्हणून पिशवी काढून सीआयसी. बाबांची नजर अधू आणि बोटं बधिर, त्यामुळे ते स्वतः करू शकतील का ही शंका होती. भाऊ शिकला आहे. बाबांना ते अजिबात पसंत नाही, आणि आता हट्टाने स्वतःच शिकताहेत. नळीची पुढची टोकं थोडी ताठ असतात तसली मिळाली, ती त्यांना धरायला सोपी जाते.

डॉक्टर, एक विचारू? भावाने कुठूनतरी पेल्व्हिक फ्लोअरचे व्यायाम आणले आहेत. बाबांना उपयोग आहे का?

स्टेथो

बातमी चांगली आहे. ते व्यायाम झडप घट्ट करण्यासाठी असतात. खोकताना-शिंकताना निसटणं, घाई होणं, यात उपयोगी. तुमच्या वडिलांची झडप ठीक आहे, रिकामं होत नाही ही अडचण. त्यांना सध्या गरज नाही. आणि व्यायाम म्हणून लघवी मधेच अडवायची सवय तर कुणीच लावू नये.

एक मात्र बघा. मूत्राशयाच्या नसा गेल्या आहेत तर बाकीच्या आपोआप चालणाऱ्या नसाही तपासायला हव्यात. उभं राहिल्यावर बीपी पडतं का? जेवण तासन् तास पोटात तसंच राहतं का? आणि इन्सुलिनवर आहेत तर शुगर घसरल्यावर घाम, थरथर त्यांना कळते का? ती खबरही बंद झालेली असू शकते. रात्रीच्या इन्सुलिनचा डोस ठरवणाऱ्यांना हे कळवा. शिवाय क्रिएटिनिन वाढलेलं आहे, त्यामुळे मेटफॉर्मिन आणि इतर गोळ्यांचे डोस पुन्हा बघून घ्या. किडनी मंदावली की इन्सुलिनही शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि शुगर घसरते.

मृण्मयी_क

बीपी उभं राहिल्यावर खरंच पडतं, आत्ताच मोजलं. उद्या फोन करते.

शिलेदार काका, पुढच्या महिन्यात आम्हाला लांबचा प्रवास आहे. बाबा म्हणतात मी येतच नाही, कुठे कुठे नळ्या घालत बसू?

एकांडा_शिलेदार

त्यांना म्हणावं, खुशाल निघा. मी सगळीकडे जातो. एकदाच वापरायच्या, आधीच ओलसर असलेल्या नळ्या मिळतात, प्रवासापुरत्या त्या घ्या. एका छोट्या पाऊचमध्ये नळ्या, जेलीची ट्यूब, हात पुसायचे वाइप्स, दोन कचऱ्याच्या पिशव्या. विमान असेल तर पाऊच हातातल्या बॅगेत ठेवायचा, सामानात टाकायचा नाही, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. मोजून लागतील त्यापेक्षा दुप्पट नळ्या घ्या. स्वच्छतागृह कसं असेल याचा भरवसा नसतो, म्हणून मी नळीला जोडायची पिशवी ठेवतो. बंद गाडीत पडदा ओढूनही काम होतं. फक्त वेळ चुकवायची नाही. गप्पांत रमले की बाबांना काहीच जाणवणार नाही, तेव्हा मोबाईलला गजर लावा, आणि तो भावाच्याही फोनवर ठेवा.